स्टिक बसते, पण स्क्रीन येत नाही

प्रश्न: माझा पीसी बराच जुना आहे, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि डीडीआर३ प्रकारची २ जीबी रॅम. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की हँग. म्हणून डीडीआर३चीच ८ जीबीची नवीकोरी स्टिक आणली, स्लॉटमध्ये टक करून बसली, पण स्क्रीनच येत नाही, नुसता बीप वाजतो. जुनी लावली की परत सुरू. स्टिक खराब निघाली का?

उत्तर: स्टिक बहुतेक चांगलीच असणार हो, तुमच्या बोर्डालाच ती वाचता येत नाहीये. खाच जुळली म्हणजे रॅम जुळली असं नसतं, इथेच सगळे फसतात. जी४१ला स्टिकवरच्या एका चिपमागे, म्हणजे त्या काळ्या चौकोनी तुकड्यामागे, २ गिगाबिट, म्हणजे २५६ एमबीपर्यंतच कळतं आणि तुमच्या ८ जीबीच्या स्टिकवरच्या १६ चिप प्रत्येकी ५१२ एमबीच्या आहेत, त्यामुळे तो बिचारा बीप देऊन मोकळा होतो.

ती स्टिक परत करा आणि ४-४ जीबीच्या दोन घ्या, बोर्डाची मर्यादाच ८ जीबी आहे. पण घेताना नुसतं '४ जीबी डीडीआर३' वाचून घेऊ नका, स्टिक हातात घ्या आणि चिप मोजा, दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा १६ पाहिजेत. एकाच बाजूला आठ असतील तर परत तोच बीप ऐकाल. स्टिकरवर २आरएक्स८ (आठ-आठ चिपचे दोन संच) लिहिलेलं असेल तर ठीक, १आरएक्स८ असेल तर राहू द्या. आणि एक, स्वस्तात 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्टिक विकतात, त्यांच्यावर १६ चिप असल्या तरी तुमच्या इंटेल बोर्डावर चालत नाहीत, तिकडे बघूच नका. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही नको.

स्पीडचं टेन्शन घेऊ नका, १३३३ काय नि १६०० काय, बोर्डाला झेपेल तेवढ्यावरच चालणार, १६००साठी जास्त पैसे मोजणं मला तरी वेडेपणा वाटतो.

लावायच्या आधी विंडोज ६४ बिटचं आहे का तेवढं बघा, ३२ बिटचं असेल तर ८ जीबी लावूनही वापरात ३ जीबीच्या आसपासच येईल आणि मग परत मलाच पत्र टाकाल.