गुळाच्या पाण्यात रायझोबियम वाढतो का? जीवाणूंच्या मीडियाबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार मंडळी. पेरणीच्या तोंडावर तीन प्रश्न आलेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे, जीवाणू नेमका कशावर वाढतो, म्हणून एकत्रच उत्तर देतोय. बार्शीकडच्या एका दादांनी विचारलंय की सोयाबीनच्या रायझोबियमचं (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारा जीवाणू) एकच पाकीट आणून 200 लिटरच्या ड्रममध्ये 2 किलो गूळ टाकून वाढवलं तर सगळ्या रानाला पुरेल का. दुसरा प्रश्न एका ताईंचा, त्या बीएस्सी अ‍ॅग्री झाल्यात आणि गावातल्या गटासाठी जीवाणू खताचं छोटं युनिट टाकायचं मनात आहे, त्यांना मीडियाचे, म्हणजे लॅबमध्ये जीवाणूला देतात त्या खाण्याचे, प्रकार आणि कुठला कशाला वापरायचा ते समजून घ्यायचंय. आणि तिसरे सांगोल्याचे डाळिंबवाले दादा, त्यांनी तेल्या रोगाच्या तपासणीसाठी लॅबला पानं दिली तर रिपोर्ट आला "नमुना योग्य नाही", का ते विचारतायत.

आधी गुळाचं बोलू, कारण पेरणी थांबत नाही.

दादा, सरळ सांगतो, सोयाबीनचं रायझोबियम ड्रममध्ये वाढवू नका. तुम्ही कंजूषपणा करताय असं मी अजिबात म्हणत नाही, गोंधळ कुठून होतो ते मला माहितीय. बीजप्रक्रियेत आपणच सांगतो की 1 लिटर गरम पाण्यात 125 ग्रॅम गूळ विरघळवा, गार करा, त्यात संवर्धक म्हणजे पाकिटातलं जीवाणू खत कालवा आणि बियाण्याला चोळा. तिथं गूळ आहे तो चिकटवायला, डिंकासारखा. त्यावरून वाटतं की गूळ म्हणजे जीवाणूचं खाणं. आणि वेस्ट डीकंपोजरची, म्हणजे काडीकचरा कुजवणाऱ्या जीवाणूंची, बाटली खरंच 200 लिटर पाणी आणि 2 किलो गुळात वाढवतात, जीवामृतातही गूळ असतो, मग रायझोबियमने काय घोडं मारलंय?

तर घोडं इथं अडतं. गुळातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज, आपली उसाची साखर. सोयाबीनचा रायझोबियम, ज्याला ब्रॅडीरायझोबियम म्हणतात, तो सावकाश वाढणारा गडी आहे आणि ही उसाची साखर त्याला सहसा पचतच नाही. म्हणजे तुम्ही ताट वाढलं खरं पण पाहुणा ते खात नाही, आणि ड्रमच्या पाण्यात, हवेत, काठीला, हाताला जे बाकीचे शेकडो जीवाणू आणि यीस्ट आहेत ते मात्र तुटून पडतात.

वेगाचा हिशोबही बघा. हा जीवाणू चांगलं खाणं मिळालं तरी एकाचे दोन व्हायला साधारण 6 ते 8 तास घेतो. 8 धरले तर 24 तासात एकाचे 8 झाले. शेजारी जो तासाला दुप्पट होतो त्याचे 24 तासात कागदावर एकाचे 1 कोटी 67 लाख होतात. प्रत्यक्षात खाणं आधी संपतं, पाणी आंबतं, पीएच खाली येतो आणि तेवढं आंबट पाणी आपल्या रायझोबियमला मानवत नाही. दोन दिवसांनी ड्रमवर फेस येतो, ताडीसारखा वास सुटतो आणि आपल्याला वाटतं जीवाणू जोरात वाढले. वाढले हो, पण दुसरेच.

आता पाकिटातले तरी किती उरले? नियमाप्रमाणे पावडरच्या संवर्धकात ग्रॅमला कमीत कमी 5 कोटी जिवंत जीवाणू असायला हवेत आणि लिक्विडमध्ये मिलीला 10 कोटी. 250 ग्रॅमच्या पाकिटात झाले 1250 कोटी. ते 200 लिटरमध्ये टाकले की मिलीला जेमतेम साडेबासष्ट हजार. म्हणजे लिक्विड संवर्धकाच्या 1600 पट पातळ करून तुम्ही बियाण्याला लावणार. त्यापेक्षा 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट, एकराच्या 30 किलोला तीन पाकिटं, एवढाच खर्च आहे आणि बियाणं-खताच्या मानाने तो काहीच नाही, इथं हात आखडू नका. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकलं की सगळ्यात शेवटी जीवाणू, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. उन्हात ताडपत्रीवर पसरलं तर केलेलं सगळं वाया. आणि पाकिटावर पीक वाचून घ्या, हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही, प्रत्येकाचा जीवाणू वेगळा.

मग जीवामृत आणि वेस्ट डीकंपोजर का चालतं? कारण तिथं आपल्याला एकच एक जीवाणू नकोच असतो. शेणातले, मातीतले मिळून जी गर्दी होते तीच हवी असते. गूळ म्हणजे पटकन ताकद, बेसन म्हणजे नत्र, शेण म्हणजे विरजण. ते जरूर करा, एकराला 200 लिटर द्या, फक्त "जीवामृत दिलंय म्हणून रायझोबियमची गरज नाही" असं धरू नका, दोघांचं काम वेगळं. ट्रायकोडर्मा वाढवायचा असेल तर तो मुळात बुरशी आहे, त्याला ड्रममध्ये बुडवून ठेवण्यापेक्षा 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1-2 किलो मिसळून सावलीत ढीग करा, गोणपाट ओलं ठेवा, मधूनमधून पालटा, पंधरा दिवसांत जमिनीत द्यायला तयार. शेणखत ताजं गरम नको, कुजलेलं पाहिजे.

आता ताईंचा प्रश्न. ताई, वर जे ड्रमचं सांगितलं तेच मीडियाचं सगळं शास्त्र आहे बघा, खाणं ठरवतं कोण वाढणार. लॅबमध्ये आपण दोन गोष्टी करतो, बाकीच्यांना मारून टाकतो म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये) 121 अंशाला 15 पौंड प्रेशरवर 15 ते 20 मिनिटं, आणि मग हव्या त्या पाहुण्यालाच आवडेल असं ताट वाढतो.

रूपाने बघितलं तर तीन प्रकार. पातळ म्हणजे ब्रॉथ, यात संख्या वाढवायची, फ्लास्क शेकरवर म्हणजे हलवणाऱ्या यंत्रावर आणि पुढे फर्मेंटर म्हणजे मोठी टाकी. घट्ट म्हणजे त्यातच लिटरला 15 ते 20 ग्रॅम अगर घातलेला, यावर शुद्धता बघायची आणि मोजायचं, उत्पादन नाही. अगर ही समुद्रशेवाळापासून काढलेली जेली, उकळीला वितळते आणि साधारण 40 अंशाला गोठते, एकदा गोठली की 37 अंशालाही वितळत नाही आणि बहुतेक जीवाणू तिला खात नाहीत. 1880 च्या सुमाराला जर्मनीत जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यात पातळ व्हायचं, तेव्हा फॅनी हेस या बाईंनी स्वयंपाकघरातल्या अगरची कल्पना दिली, त्या तिथं काम करणाऱ्या नवऱ्याला लॅबच्या कामात मदत करायच्या. आजही जगभर तेच चालतं, मला ही गोष्ट फार आवडते. तिसरा अर्धवट घट्ट, हलवला तर डुचमळतो, त्याची गरज हवेतला नत्र बांधणाऱ्या अ‍ॅझोस्पिरिलमला लागते.

पण खरा फरक आत काय घातलंय त्याचा. न्यूट्रियंट अगर म्हणजे पेप्टोन (पचवलेलं प्रथिन), बीफ एक्सट्रॅक्ट, थोडं मीठ, हे भंडाऱ्याचं जेवण, जो येईल तो जेवतो. भेसळ आहे का हे बघायला उत्तम, पण रायझोबियम मोजायला नाही. रायझोबियमला यीस्ट एक्सट्रॅक्ट मॅनिटॉल: लिटरला मॅनिटॉल (साखरेसारखंच एक गोड खाणं) 10 ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 0.2, मीठ 0.1, यीस्ट एक्सट्रॅक्ट अर्धा ते 1 ग्रॅम, पीएच 6.8 ते 7. प्लेट (बशीत गोठवलेला अगर मीडिया) करायची तर त्यात काँगो रेड या रंगाच्या 1 टक्का द्रावणाचे अडीच मिली घाला आणि प्लेटा अंधारात ठेवा. ही प्लेट एकदा डोळ्यांनी बघाच, गुलाबीसर लाल जेलीवर रायझोबियमचे ठिपके पांढरे, ओलसर, चमकदार, दुधाचा थेंब पडल्यासारखे, रंग जवळजवळ घेतच नाहीत, आणि मध्ये एखादा लाल झालेला ठिपका दिसला की समजायचं कोणीतरी घुसलंय. हरभऱ्याचा साधारण तीन दिवसांत दिसायला लागतो, सोयाबीनच्या प्लेटला 5 ते 7 दिवस द्या. सोयाबीनच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशीच भरघोस वाढ दिसली तर खूश होऊ नका, तो रायझोबियम नाही. नवीन युनिटवाले नेमके इथंच फसतात, जोरात वाढतंय म्हणून तीच बॅच पॅक करतात. मॅनिटॉल महाग पडतं हे खरं, सोयाबीनसाठी ग्लिसरॉल चालतं, पण साखर किंवा मळी टाकून पैसे वाचवू नका, कारण वर आलंच.

अ‍ॅझोटोबॅक्टरचा मीडिया मला सगळ्यात हुशार वाटतो. जेन्सेन किंवा अ‍ॅशबी, त्यात साखर किंवा मॅनिटॉल असतं, क्षार असतात, पण नत्र घालतच नाहीत. ज्याला हवेतला नत्र घेता येतो तोच तगतो, बाकीचे उपाशी. जेन्सेनमध्ये मॉलिब्डेनमही चिमूटभर घालतात कारण नत्र बांधणाऱ्या एन्झाइमला ते लागतं. अ‍ॅझोस्पिरिलमचा एनएफबी पण बिननत्राचाच, त्यात मॅलिक अ‍ॅसिडचा क्षार आणि ब्रोमोथायमॉल ब्लू, आंबटपणाप्रमाणे बदलणारा रंग. हा जीवाणू हवेला थोडा लाजतो, म्हणून त्या अर्धवट घट्ट मीडियात पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरी साय धरतो आणि हिरवा मीडिया निळा होतो. स्फुरद विरघळवणाऱ्यांसाठी पिकोव्हस्काया, त्यात न विरघळलेलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लिटरला 5 ग्रॅम असतं म्हणून प्लेट दुधी दिसते, आणि जो खरा काम करतो त्याच्या भोवती स्वच्छ काचेसारखं वलय पडतं. वलय नाही तर तो नुसता राहतोय, काम करत नाही. उसाच्या अ‍ॅसिटोबॅक्टरला उलट 10 टक्के साखर आणि आंबट मीडिया लागतो, उसातच राहणारा तो, त्याला गोडाची सवय. स्युडोमोनाससाठी किंग्ज बी, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पिवळसर हिरवा चमकतो.

सुरुवात मात्र एक-दोन जीवाणूंपासूनच करा ताई. मदर कल्चर म्हणजे मूळ शुद्ध जीवाणू स्वतः मातीतून काढायच्या मागे न लागता राहुरी, परभणी, अकोला यापैकी आपल्या कृषी विद्यापीठातून घ्या, उसाचं असेल तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे विचारा, स्लांटवर (नळीत तिरका गोठवलेला अगर) फ्रिजमध्ये जपा आणि दर बॅचला प्लेट टाकून बघा. विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश 1985 लागतो, त्यात वर सांगितलेली 5 कोटी आणि 10 कोटीची संख्या आलीच, शिवाय नमुना एक लाख पट पातळ करून प्लेटवर टाकल्यावर भेसळ दिसता कामा नये. ऑटोक्लेव्ह, लॅमिनार (गाळलेल्या हवेचं टेबल) आणि एक इमानी माणूस, या तिन्हीतलं काहीही कमी असेल तर अजून थांबा. शेतकरी पाकीट उघडून आत जिवंत आहे का मेलंय ते बघू शकत नाही हो, तो आपल्या शब्दावर पेरतो.

अजून एक, काही मुलं मोबाईलवर बघून घरी बटाट्याच्या पाण्यात अगर घालून शेणाच्या प्लेटा करतात. करू नका. शेणात-मातीत माणसाला आजारी पाडणारेही असतात आणि प्लेटवर ते कोटींनी वाढतात. कुणी केल्याच असतील तर झाकण न उघडता कुकरमध्ये 20 मिनिटं उकडून काढा, मग फेका, आणि तो कुकर परत जेवणाला नको.

आता सांगोल्याचे दादा. तुमचं पान लॅबमध्ये नाकारलं त्यात तुमची चूक नाही, कुणी नीट सांगितलंच नसेल. तेल्याचा जीवाणू झँथोमोनास, तोही सावकाशच, प्लेटवर पिवळे, चिकट, चमकदार ठिपके यायला तीन-चार दिवस लागतात. तुम्ही पूर्ण वाळलेली, काळी पडलेली पानं ओल्या प्लास्टिक पिशवीत बांधून पाठवली असणार, बहुतेक जण तसंच करतात. मेलेल्या भागावर कुजवणारे जीवाणू आणि बुरशी आधीच बसलेले असतात, पिशवीत घाम सुटून ते अजून वाढतात आणि प्लेट त्यांनीच भरून जाते, पिवळा ठिपका कुठं दिसणार? पुढच्या वेळी नवा डाग असलेली पानं घ्या, कडेला तेलकट पाणीदार कडा दिसतेय आणि शेजारचा भाग अजून हिरवा आहे अशी, कारण जिवंत जीवाणू त्या कडेलाच असतो. सकाळचं दव वाळल्यावर तोडा, वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पाकिटात ठेवा, फवारणी केली असेल तर औषध आणि तारीख चिठ्ठीवर लिहा आणि त्याच दिवशी द्या. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुम्हाला जवळच आहे. तिथं पोचायच्या आधी पानं उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आणि बार्शीच्या दादांना एक शेवटचं काम. पेरणीनंतर 40 दिवसांनी चार-पाच ठिकाणची रोपं उपटायची नाहीत, खुरप्याने मातीसकट काढायची, बादलीत भिजवून माती सोडवायची, ओढलं की गाठी जमिनीतच तुटून राहतात. मग मुख्य मुळावरच्या मोठ्या गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाल्या तर जीवाणू कामाला लागलाय, युरियाचा विचार सोडा. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर नुसता फोटो टाकू नका, एक रोप ओल्या मातीसकट कागदात बांधून पाकिटाच्या रिकाम्या पिशवीबरोबर ऑफिसला आणा, बॅच नंबर त्या पिशवीवरच असतो.