पथकाचा म्होरक्या झालास, आता ऐक

अरे, घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट हे कातडे ताणलेले मडक्याचे वाद्य वाजवत आरत्या म्हणणाऱ्या, पथकाचा प्रमुख म्हणजे सर्वांत मोठ्याने गाणारा नव्हे. तालीम साडेसातला ठरवलीस ना, मग तू सातलाच देवळात हवास. उशिरा येणाऱ्यांवर ओरडू नकोस. ठरल्या वेळी शामेळावर, साथीच्या त्या छोट्या नगाऱ्यावर, काठी पडू दे. आठवड्याभरात सगळे वेळेवर येऊ लागतात. (माझा मेहुणा सोडून.)

पावसाळ्यात कातडे सैल पडते, घुमट बसके बोलते. ते तपासणे तुझे काम. एका स्पर्धेत आमचे मडके ऐनवेळी फुटले आणि जादा घुमट मी नेलेच नव्हते. दोष ढकलला वाजवणाऱ्या पोरावर. तो दोन वर्षे फिरकला नाही, अजून सलते. त्याच रात्री सगळ्यांसमोर ‘चूक माझी’ म्हटले असते तर निभावले असते.

आणि कुणी म्हणेल, घोरपडीच्या कातड्याचा नाद वेगळाच. असेल. पण घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. बकऱ्याचे कातडे लाव. २०१९ मध्ये गोव्याचे वारसा वाद्य ठरले तेही घुमटच. नाही म्हणण्याचा वाईटपणा मात्र तू घे, पोरांवर टाकू नकोस.