दाढ काढायची अवजारं नुसती उकळून पुन्हा वापरली तर चालतात का?

नाही. उकळत्या पाण्यात बरेच जंतू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू (कडक कवचातलं त्यांचं सुप्त रूप) १०० अंशांनाही तग धरतात. चिमटे, एलिव्हेटर (दाढ सैल करायचं अवजार) आधी घासून, रक्त पूर्ण काढून, पाऊचमध्ये बंद करून ऑटोक्लेव्हमध्येच (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) जायला हवेत: १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांवर ३ मिनिटं. वाळलेलं रक्त राहिलं तर वाफ त्याखाली पोचत नाही, म्हणून घासणं सगळ्यात महत्त्वाचं. घाई नेमकी तिथेच होते. ड्रिलचा हँडपीसही (डॉक्टर हातात धरतात तो भाग) प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह व्हायलाच हवा, वरवर पुसून भागत नाही. इंजेक्शनची सुई मात्र पुन्हा कधीच वापरायची नाही. पाऊच तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यावरच्या खुणेचा रंग ऑटोक्लेव्हमध्ये बदलतो, तो बदललाय का तेही बघा. विचारायला अजिबात संकोचू नका.