मनातलं विचारा: गोळी लागली नाही, मग झोप का येत नाही?

दिवाळी संपून नोव्हेंबरचा शेवट, म्हणजे २६/११ जवळ आला की अतिरेकी हल्ल्यांतून वाचलेल्यांची आणि त्यांच्या जवळच्यांची पत्रं यायला लागतात. २०२५ ला जास्त आली, त्या एप्रिलमध्ये काश्मीरला पहलगामचा हल्ला झाला त्यामुळे असणार. तीन पत्रं घेतलीयत, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. पहिलं उत्तर लांबलंय पण ते तोडावंसं वाटलं नाही.

प्रश्न: ताई, मी ४५ वर्षांचा आहे, कल्याणला राहतो, फोर्टमध्ये नोकरी. २६ नोव्हेंबर २००८ ला रात्री मी सीएसटीला लांबच्या गाड्यांच्या हॉलमध्ये सोलापूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक म्हातारे बाबा होते, धोतर-टोपी, बार्शीकडचे. त्यांना म्हटलं बाबा जरा बॅगेकडे लक्ष ठेवा, पाण्याची बाटली घेऊन येतो. स्टॉलपाशी पोचलो आणि आवाज सुरू झाले, त्या दिवशी कटकला इंग्लंडविरुद्धची मॅच आपण जिंकली होती म्हणून आधी फटाकेच वाटले, मग माणसं पडायला लागली. मी स्टॉलच्या आडोशाला पालथा पडून राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. उठून आलो तेव्हा बाबा जिथे बसवले होते तिथेच होते, गेलेले, एक हात माझ्या बॅगेच्या पट्ट्यावर. मला खरचटलंसुद्धा नाही. बॅग मी तिथेच सोडून पळालो.
तेव्हापासून सीएसटीला उतरत नाही, मस्जिदला उतरून चालत ऑफिसला जातो. दिवाळीत खिडक्या लावून टीव्ही मोठा करून बसतो. २०१२ ला कसाबला फाशी झाली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले, मी पेढा हातात घेऊन बाथरूममध्ये जाऊन रडलो. मधली काही वर्षं बरी गेली पण पहलगामच्या बातम्यांनंतर परत रात्री अडीच-तीनला दचकून उठतो. बायको म्हणते तुम्हाला तर काहीच झालं नव्हतं. मी नाटक करतोय का?

उत्तर: नाही दादा. नाटक करणारा माणूस १७ वर्षं रोज एक स्टेशन आधी उतरून चालत जात नाही.

त्या रात्री सीएसटीवर ५८ माणसं गेली आणि १०४ जखमी झाली, हे आकडे सगळीकडे छापून आले, आणि यादी तिथेच संपली. स्टॉलमागे पालथे पडलेले, जिन्याखाली लपलेले, प्लॅटफॉर्मवरून उड्या मारून रुळांतून पळालेले, दुसऱ्या दिवशी कामावर गेलेले, यांची यादी कोणी केलीच नाही. शरीरावर जखम नाही म्हणजे काही झालं नाही असं आपल्याकडे धरूनच चालतात. मला याचा मनापासून त्रास होतो कारण मी अशी माणसं वर्षानुवर्षं बघत आलेय, ती माझ्यासमोर बसतात आणि पहिलं वाक्य हेच असतं, मॅडम मला तसं काही झालं नाही.

नॉर्वेचं सांगते. तिथे २२ जुलै २०११ ला उटोया नावाच्या बेटावर तरुण मुलांच्या कॅम्पवर एका माणसाने गोळ्या झाडल्या, बेटावर ६९ जण गेले, बहुतेक कोवळी पोरं. नंतर तिथल्या सरकारने असं ठरवलं की वाचलेल्यांनी मदत मागायला यायची वाट बघायची नाही, ज्या त्या गावच्या नगरपालिकेच्या टीमने स्वतःहून त्यांच्याशी संपर्क करायचा, प्रत्येकाला ठरलेला एक माणूस द्यायचा आणि किमान वर्षभर विचारपूस चालू ठेवायची. गोळी लागलेली असो नसो. तुम्हाला तेव्हा कोणी असा फोन केला असता तर हे पत्र कदाचित १६ वर्षं आधी लिहिलं गेलं असतं.

तुम्हाला जे होतंय त्याला डॉक्टरांच्या पुस्तकात १९८० पासून पीटीएसडी असं नाव आहे. सोप्या भाषेत सांगते. साधी आठवण मनात घडी घालून ठेवली जाते, त्यावर तारीख पडते, ती जुनी होते. जीव जायची वेळ येते तेव्हाची आठवण कधीकधी अशी घडी घालून ठेवली जात नाही, आवाज, वास, उजेड असे सुटे सुटे तुकडे उघडेच पडून राहतात. मग लवंगी फुटली की मेंदू हे २००८ चं आहे असं सांगत नाही, आत्ता चालू आहे असं सांगतो, आणि छाती धडधडायला लागते, घाम फुटतो. तुमच्या बाबतीत तर पहिल्या गोळ्या फटाके म्हणूनच कानावर पडल्या, म्हणजे दिवाळी तुमच्यासाठी नेमकी त्याच आवाजाची होऊन बसलीय. आणि पहलगामनंतर परत सुरू झालं यात काही विचित्र नाही, तशीच बातमी आली की बऱ्याच जणांचं जुनं वर येतं.

आता बाबांचं. पत्रात तुम्ही "जिथे बसवले होते" असं लिहिलंय. मी ते तीनदा वाचलं. दादा, तुम्ही त्यांना बसवलं नव्हतं, ते बसलेलेच होते. बॅगेकडे बघा जरा, हे वाक्य सीएसटीवर रोज हजार माणसं शेजारच्याला म्हणतात. बंदूक घेऊन आत आलेल्या दोघांनी कोणाला मारायचं ते ठरवलं, तुम्ही नाही. पण मला माहितीये की हे ऐकून तुमचा अपराधीपणा लगेच जाणार नाही. कारण माझ्यामुळे झालं असं धरलं की निदान मी काहीतरी वेगळं करू शकलो असतो असं वाटत राहतं, आणि कोणाच्याच हातात काही नव्हतं हे कबूल करणं त्याहून भयंकर असतं. म्हणून मन अपराधीपणा धरून ठेवतं. आणि आणखी एक, तुम्ही त्या अनोळखी माणसाचं १७ वर्षं सुतक पाळताय आणि ते कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी रीतसर काहीतरी करा. नाव माहीत नसलं तरी चालतं, दिवा लावा, कोणाला जेवू घाला, तुमच्या घरात जे करतात ते करा. बायकोला बरोबर घेऊन करा, आणि त्या दिवशी तिला बॅगेच्या पट्ट्यावरच्या हाताचं सांगा. माझा अंदाज आहे तिला ते अजून माहीतच नाही. तुम्हाला काही झालं नाही असं ती म्हणते तेव्हा कदाचित तिला तिचा नवरा जिवंत घरी आला एवढंच आठवत असेल.

उपचार आहेत आणि १७ वर्षांनीसुद्धा लागू पडतात, हे अगदी खात्रीने सांगते. या कामाचं ट्रेनिंग असलेल्या माणसासमोर बसून ती रात्र तुकड्यातुकड्याने, सोसेल तेवढी, परत परत सांगायची असते, म्हणजे हळूहळू तिची घडी बसते. ईएमडीआर नावाची एक पद्धत आहे, त्यात आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करायला लावतात, ऐकायला अजब वाटतं पण बऱ्याच लोकांना फायदा होतो. काहींना सोबत डिप्रेशनवरच्या गोळ्या देतात. फक्त मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या घेऊन महिनोन्महिने ढकलू नका, आणि रात्री झोप यावी म्हणून एक पेग हेही नको, त्याने हा आजार आतून आणखी घट्ट होतो. मुंबईत केईएम, नायर, जेजे सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं, मी २६/११ ला सीएसटीला होतो. नुसतं "झोप येत नाही" म्हणालात तर नुसती झोपेचीच गोळी मिळेल. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

मस्जिदला उतरायचं लगेच बंद करू नका. एकट्याने धाडस करून एक दिवस हॉलमध्ये जाऊन उभं राहायचं असलं काही तर अजिबात नको. पण टाळत राहिलं की मनाला पटत जातं की ती जागा अजून धोक्याची आहे, त्यामुळे कधीतरी जायला लागेल, डॉक्टरांशी ठरवून, सोबत कोणी घेऊन, आधी बाहेरच्या सबवेपर्यंत, मग लोकलच्या बाजूला. लोकलच्या बाजूला त्या रात्री विष्णू झेंडे अनाउन्सरच्या केबिनमध्ये होते, केबिनच्या दिशेने गोळ्या आल्या तरी ते माइकवरून लोकांना बाहेर काढत राहिले आणि कितीतरी माणसं वाचली. हे अशासाठी सांगतेय की त्या इमारतीची तुमच्याकडे एकच आठवण आहे, दुसरीही असू दे. उटोयालासुद्धा वाचलेल्या मुलांना आणि गेलेल्यांच्या घरच्यांना त्याच ऑगस्टमध्ये बेटावर परत नेलं होतं, माणसं सोबत देऊन.

प्रश्न: मॅडम, मी तिसरीची क्लास टीचर. वर्गातला एक मुलगा एप्रिलमध्ये आईवडिलांबरोबर काश्मीरला होता, त्या दिवशी ते पहलगाम गावात हॉटेलवर होते, हल्ला झाला त्या बैसरनला दुसऱ्या दिवशी जाणार होते, सगळे सुखरूप आले. पण तो मधल्या सुट्टीत रोज एकच खेळ खेळतो, बाकीच्यांना "झोपा झोपा हलू नका" म्हणतो आणि स्वतः एकेकाला नाव विचारत फिरतो. मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका मुस्लिम मुलाला म्हणाला तू खेळायचं नाहीस. तो मुलगा रडत घरी गेला. आईवडील म्हणतात विषयच काढू नका, विसरेल.

उत्तर: बाई, तुम्ही हे टिपलंत म्हणून आधी तुमचे आभार. आठ वर्षांचं मूल बसून सांगत नाही की मला भीती वाटते, ते खेळून दाखवतं. खेळ वाईट नाही, पण रोज तोच, तसाच, आणि शेवट कधीच बदलत नाही, हे तो अडकल्याचं लक्षण आहे. ओरडून बंद करू नका. एक दिवस त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, हे झोपलेत ना, आता यांना मदत कोण करणार? ॲम्ब्युलन्स येऊ दे, डॉक्टर येऊ दे, उठून घरी जाऊ दे. सुटकेचा रस्ता त्याला खेळातच सापडायला हवा. आणि मोठ्यांचे मोबाइल बघा, ते व्हिडिओ घरात अजून चालू असतील तर प्रत्येक वेळी त्याच्यासाठी ते नव्याने घडतंय.

विसरेल म्हणून गप्प बसणं ही आईवडिलांची माया आहे, मला कळतं. पण मोठे बोलत नाहीत तेव्हा मूल असं समजतं की बोलता येणार नाही इतकं ते भयंकर आहे, आणि उरलेलं स्वतःच्या मनाने भरतं. थोडं आणि खरं सांगा. वाईट माणसांनी २६ जणांना मारलं, आपल्या महाराष्ट्रातलेही ६ जण होते, आपण तिथे नव्हतो, आता आपण घरी आहोत.

नाव विचारण्याचं तर एक दिवससुद्धा तसं सोडू नका. लोकांना धर्म विचारून मारलं हे त्याच्या कानावर आलंय आणि तो मनाशी नियम शोधतोय, कोणापासून लांब राहिलं की मी वाचेन. तो द्वेष नाही, भीती आहे, पण दुसऱ्या मुलाला लागायचं ते लागलंच. त्याला हेही सांगा की त्या दिवशी गेलेल्यांत तिथलाच एक मुसलमान घोडेवाला होता, आणि जखमींना खाली आणायला तिथलीच माणसं धावली, कोणी घोड्यावरून आणलं, कोणी पाठीवरून. हे सगळं खरंच घडलंय, तुम्हाला गोष्ट रचायची गरज नाही. आणि रडत गेलेल्या मुलाच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा, आजच. महिन्याभरात खेळ बदलला नाही, झोपेत ओरडत असेल, अंथरूण ओलं करत असेल तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

प्रश्न: माझा भाऊ २६/११ ला गेला, २४ वर्षांचा होता. आई आता ७० ची आहे. ती अजून त्याच्या मोबाइलला दर महिन्याला रिचार्ज मारते, नंबर दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. फोन कपाटात असतो. आम्ही भावंडं म्हणतो आई आता पुरे, ती ऐकत नाही. हे वेड आहे का?

उत्तर: नाही गं. खूप लांबलेल्या दुःखाचा आजार असतो, डॉक्टर लोक तो आता वेगळा धरतात, पण त्यात माणसाचं जगणंच थांबतं. तुझी आई जेवते का, शेजारी जाते का, नातवंडांत रमते का, हे बघ. तसं असेल तर महिन्याचं एक रिचार्ज तिला करू दे. ती कुठेच जात नसेल, अन्न टाकलं असेल, मला पण जायचंय असं म्हणत असेल तर मात्र डॉक्टर, आणि लवकर.

"पुरे" म्हणणं तेवढं थांबवा. असं अचानक, कोणीतरी ठरवून मारलेलं माणूस आजारात गेलेल्या माणसासारखं जात नाही, निरोप राहून जातो, आणि वर दर नोव्हेंबरला टीव्हीवर तीच चित्रं लागतात, जगाचं स्मरण आणि आईचं दुःख एकाच तारखेला येतं. त्या आठवड्यात टीव्ही बंद ठेवा, कॅमेरावाले आले तर नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे हे तिला सांगून ठेवा. आणि पुढच्या महिन्यात ती रिचार्जला निघाली की तू बरोबर जा. येताना रस्त्यात विचार, त्या नंबरवरून त्याचा शेवटचा फोन आला तेव्हा काय बोलला होता. मग ती बोलेल तितकं ऐक, मध्ये बोलू नकोस.