कोकची ‘क्रियाशीलता’ की ‘अभिक्रियाशीलता’?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोहनिर्मितीवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे आणि त्यातल्या कोकविषयीच्या (कोक म्हणजे हवेशिवाय तापवून केलेला दगडी कोळसा) एका वाक्याचा मसुदा असा झाला आहे: ‘कोकमध्ये लोहधातूची भेसळ केल्यास त्याची ताकद घटते आणि क्रियाशीलता सुधारते.’ यात ‘क्रियाशीलता’ बरोबर की ‘अभिक्रियाशीलता’, आणि ‘ताकद’पेक्षा नेमका शब्द आहे का, असे विचारले आहे.

विचारलेल्या दोन शब्दांइतकेच न विचारलेले ‘सुधारते’ आणि ‘भेसळ’ हे शब्दही मला खटकतात. पण आधी ‘क्रियाशीलता’ घेतो, कारण खरी गोम तिथे आहे.

मराठीत ‘क्रियाशील’ हे कौतुकाचे विशेषण आहे. क्रियाशील सभासद म्हणजे कामाचा माणूस. त्यामुळे कोकची क्रियाशीलता वाढली असे वाचले की काहीतरी चांगले घडले असे मनात येते, आणि ‘सुधारते’ हे क्रियापद बहुधा त्यातूनच सुचले असावे. झोतभट्टीत, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या उंच भट्टीत, मात्र हा गुण सहसा दोष ठरतो. तिथे कोक जळून उष्णता देतो आणि खनिजातला ऑक्सिजन काढून घेणारा वायू पुरवतो. शिवाय वरून पडणाऱ्या मालाचा भार पेलून खालून येणाऱ्या वायूला वाटही मोकळी ठेवतो. मोठ्या भट्टीत हे शेवटचे काम दुसरे कोणतेही इंधन करू शकत नाही. वर चढणाऱ्या वायूतला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोकमधल्या कार्बनशी संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कोकचा तेवढा भाग वायू होऊन निघून जातो. या संयोगाची सहजता म्हणजे कोकची अभिक्रियाशीलता. शालेय पुस्तकांत ‘अभिक्रिया’ रुळला आहे, विश्वकोशात ‘विक्रिया’ भेटतो. दोन्ही चालतील, पण नुसती ‘क्रिया’ नको. ‘ज्वलनशीलता’ तर मुळीच नको, कारण जळताना उष्णता बाहेर पडते आणि ही अभिक्रिया उलट उष्णता शोषून घेते.

आता ‘ताकद’. ‘मजबुती’ मला जास्त योग्य वाटते, कारण इथे प्रश्न जोर लावण्याचा नसून न फुटण्याचा, न झिजण्याचा आहे. ‘कठीणपणा’ हा वेगळाच गुण आहे: कठीण वस्तू ठिसूळही असू शकते. पण कोकच्या संदर्भात मजबुतीही एकच नाही, आणि ते वाचकाला कळायला हवे. थंड कोक पिंपात घालून फिरवायचा आणि किती तुकडे शाबूत राहिले ते मोजायचे, ही झाली थंड मजबुती. दुसरी चाचणी निप्पॉन स्टील या जपानी कंपनीने घडवली. तिच्यात सुमारे 20 मिलिमीटरच्या तुकड्यांचा 200 ग्रॅम कोक 1100 अंश सेल्सिअसला दोन तास कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात ठेवतात. समजा 150 ग्रॅम उरला, म्हणजे 25 टक्के घट झाली, तर अभिक्रियाशीलता निर्देशांक 25. मग उरलेला कोक पिंपात 600 फेरे फिरवतात. त्यातला 96 ग्रॅम 10 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिला, तर 150 पैकी 96, म्हणजे 64 ही अभिक्रियेनंतरची मजबुती. तंत्रज्ञ या दोन आकड्यांना, इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून, अनुक्रमे सीआरआय आणि सीएसआर म्हणतात. मोठ्या भट्ट्यांना साधारणपणे पहिला आकडा तिशीच्या आत आणि दुसरा साठीच्या वर लागतो. अनुवादात एकदा ‘अभिक्रियेनंतरची मजबुती’ असे पूर्ण लिहावे, पुढे सीएसआर चालेल.

‘लोहधातू’ इथे चुकीचा आहे. धातू म्हणजे शुद्ध लोखंड, आणि मिसळतात ते ऑक्साइडरूपी खनिज. ‘लोहखनिज’ किंवा ‘लोहधातुक’ लिहावे. ‘कच्चे लोखंड’ हा पर्याय फसवा आहे, कारण भट्टीतून निघणाऱ्या पहिल्या ओबडधोबड लोखंडालाही तो शब्द वापरतात.

‘भेसळ’ म्हटले की लबाडी आली, त्यामुळे तो शब्द काढाच. ‘कोकमध्ये’ हेही दिशाभूल करते: झोतभट्टीत कोक आणि खनिज एकत्र असतातच, त्यात नवे काय? इथे खनिजाची पूड कोक होण्यापूर्वी कोळशात मिसळली जाते. साधारण 350 ते 500 अंशांच्या दरम्यान कोळसा मऊ होतो, फुगतो आणि पुन्हा घट्ट होतो. खनिजाचे कण मऊ होत नाहीत, त्यांच्यामुळे कोळशाचे कण एकमेकांना नीट चिकटत नाहीत, आणि थंड मजबुती घटते. पुढे तापमान चढले की खनिजाचे क्षपण होऊन, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जाऊन, कोकच्या अंगात लोखंडाचे बारीक कण उरतात. हे कण उत्प्रेरक ठरतात आणि कार्बन डायऑक्साइडशी होणारी अभिक्रिया कमी तापमानाला सुरू होते.

मग कुणी मुद्दाम खनिज का मिसळेल? कारण अभिक्रिया कमी तापमानाला सुरू झाली की भट्टीत तापमान सुमारे 1000 अंशांवर जवळजवळ स्थिर राहणारा जो पट्टा असतो, त्याचे तापमानही उतरते, खनिजाचे क्षपण अधिक कार्यक्षम होते आणि एकूण कार्बन कमी लागतो. जपानमध्ये या हेतूने फेरोकोक तयार करण्यात आला: सुमारे 70 टक्के कोळसा, 30 टक्के खनिज, दाबून केलेल्या गोळ्या. नेहमीच्या कोकभट्टीच्या सिलिका विटांना लोहऑक्साइड खाते, म्हणून या गोळ्या वेगळ्या उभ्या भट्टीत भाजतात. हा कोक नेहमीच्या मजबूत कोकसोबत थोड्या प्रमाणातच वापरायचा असतो. म्हणून अनुवादात ‘सुधारते’ही नको आणि ‘बिघडते’ही नको. ‘वाढते’ हा तटस्थ शब्द ठेवावा.

एक शब्द मला स्वतःला फार आवडतो, ‘पोखरणे’. अभिक्रिया संथ असली की वायू छिद्रांतून खोलवर शिरतो आणि कोक आतून पोखरला जातो, वाळवी लागलेल्या लाकडासारखा. अभिक्रिया जलद असेल तर वायू बाहेरच खर्ची पडतो, तुकडा वरवर कुरतडला जातो आणि गाभा बराचसा शाबूत राहू शकतो. त्यामुळे सारखेच वजन घटलेले दोन तुकडे सारखेच कमकुवत असतील असे नाही. मूळ लेखात पुढे हा मुद्दा आला, तर दोन्हीकडे ‘झिजणे’ न लिहिता ‘पोखरणे’ आणि ‘कुरतडणे’ असा भेद जरूर ठेवा. तो मराठीत आयता आहे.

वाक्य मी असे लिहीन: ‘कोक तयार करताना कोळशात लोहखनिजाची पूड मिसळली, तर कोकची मजबुती, थंड असतानाची आणि अभिक्रियेनंतरचीही, घटते, त्याची कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रियाशीलता मात्र वाढते.’ मूळ वाक्यापेक्षा लांब झाले, पण मूळ लेखकाने तंत्रज्ञांसाठी गृहीत धरलेले अर्ध्याहून अधिक इथे उघड लिहावे लागले. मूळ लेखात फक्त थंड मजबुतीच मोजलेली असेल, तर मधला तुकडा गाळा.