घरासाठी हत्यार निवडताना

अनेक आशीर्वाद.

परवान्याचं काम मार्गी लागलं, आता रिव्हॉल्व्हर घ्यावं, पिस्तूल घ्यावं की बारा बोअर, म्हणजे छर्रे उडवणारी लांब बंदूक (शॉटगन), असं तू विचारलं आहेस. कॅलिबरचं, म्हणजे गोळीच्या जाडीचं, नंतर पाहू. आधी एका कागदावर घराचा नकाशा काढ. कोण कुठे झोपतं, तुझ्या पलंगावरून नेम कोणत्या दिशेला जाईल आणि त्या दिशेच्या भिंतीपलीकडे कोण असतं, हे त्यावर लिही. भिंत भरीव विटांची आहे की जिप्सम बोर्डाची, तेही नोंदव. पिस्तुलाची गोळी भरीव विटांत बहुधा अडते, पण जिप्सम बोर्डाच्या एकामागून एक चार भिंती ती सहज पार करते. बकशॉटचे, म्हणजे शॉटगनच्या जाड शिशाचे, छर्रेही करतात. आतून पोकळ दाराचा तर अडसर धरूच नकोस.

नकाशाइतकीच घरातली माणसंही महत्त्वाची. कुणी नैराश्यातून जात असेल किंवा कुणाचं पिणं आवाक्याबाहेर गेलं असेल, तर हत्यार घरात आणूच नये, असं माझं ठाम मत आहे. अशा क्षणी हाताशी बंदूक असली, तर दुसरी संधी क्वचितच मिळते. दाराला भक्कम कडी, चौकटीत खोलवर जाणारे लांब स्क्रू आणि बाहेर चांगला उजेड, एवढ्याने बरंच काम होतं. ते तर कुठल्याही घराने आधी करावं.

आता बारा बोअर. छर्रे खोलीभर पसरतात, नेम धरावा लागत नाही, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. 00 नंबरच्या बकशॉट काडतुसात साधारण 8.4 मिलिमीटरचे बहुधा 9 छर्रे असतात आणि चार-पाच मीटरवर ते तळहाताएवढ्या जागेत लागतात. नेम चुकला, तर सगळेच चुकतात. दस्त्याची लांबीही पाहा. बऱ्याच बंदुकांचा दस्ता ट्रिगरपासून सुमारे 14 इंच असतो. उंची कमी असेल, तर तो खांद्यावर नीट बसत नाही, धक्का दंडावर येतो आणि दोन-चार फैरींनंतर माणूस ट्रिगर ओढताना डोळे मिटायला लागतो. अशा वेळी 13 इंचांच्या आसपासचा दस्ता आणि 20 बोअर, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीची बंदूक, घेण्यात कमीपणा नाही.

पंप बंदूक म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची शॉटगन. तिच्यातली ठरलेली चूक म्हणजे अर्धवट पंप. घाबरलेला हात पुढची मूठ पूर्ण मागे आणत नाही. मग रिकामं काडतूस बाहेर पडत नाही, किंवा नवं वर येत नाही. ऐन वेळी ट्रिगर ओढावा, तर नुसती टिचकी वाजते. नकली काडतुसं घेऊन मूठ पार मागे आणि पार पुढे नेण्याची सवय लागेपर्यंत पंप बंदूक विश्वासाची नाही.

रिव्हॉल्व्हर समजायला सगळ्यात सोपं, पण नेमाने चालवायला अवघड. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरच्या एकाच ओढीने घोडा मागे जाऊन सुटतो तेव्हा, ट्रिगरला साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो आणि त्या जोरात नळी खाली झुकते. विकत घेण्याआधी परवानगी मागून एक परीक्षा कर. सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत ना, ते डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचप. नळी सुरक्षित दिशेला धर, पुढच्या साईटमागे नळीवर एक नाणं ठेवायला सांग आणि ट्रिगर सावकाश ओढ. दहापैकी आठ वेळा नाणं पडलं, तर ते हत्यार तुझ्या बोटांसाठी नाही. आखूड नळीचं छोटं रिव्हॉल्व्हर खिशात ठेवायला बनवलेलं असतं. घरासाठी ते घेऊ नकोस, त्याचा धक्काही जास्त आणि नेमही कठीण.

बहुतेकांना मी, परवान्यात आणि कायद्यात बसत असेल तर, 9 मिलिमीटरचं, सुमारे 4 इंच नळीचं, पूर्ण आकाराचं पिस्तूल सुचवतो. वजनामुळे धक्का मुरतो आणि मूठ पूर्ण पकडीत येते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढणं जड जात असेल, तर पिस्तूल छातीजवळ घे, स्लाइड वरून पूर्ण पंजाने धर आणि मूठ पुढे ढकल. जोर बोटांऐवजी खांद्यातून येतो. मनगट सैल राहिलं, तर स्लाइडचा फेरा पूर्ण होत नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. तेव्हा मॅगझिनला (मुठीतल्या गोळ्यांच्या खान्याला) खालून थाप द्यायची, स्लाइड झटक्याने ओढून सोडायची आणि पुन्हा नेम. हे हातात बसलं पाहिजे, तेव्हा आठवत बसायला वेळ नसतो.

गोळी हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली, घे, अर्थात तुझ्याकडे कायद्याने चालत असेल तर. ती लागताच फुलते आणि आरपार जाण्याचा धोका घटतो. चाचणीच्या जिलेटिनमध्ये (मांसासारख्या मऊ ठोकळ्यात) ती 12 ते 18 इंच खोल जाणं योग्य मानतात. सरावाच्या किमान 200 गोळ्या आणि घरात ठेवायच्या त्याच जातीच्या 50 गोळ्या विनाअडथळा चालल्याशिवाय पिस्तुलावर विसंबू नकोस.

हत्यार भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेल्या, बटणांनी उघडणाऱ्या तिजोरीत ठेव. ओल्या बोटाला ठशाचं कुलूप दगा देतं. पिस्तुलाची एकच गोळी रोज चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या जिथून बार होतो त्या खोबणीत, घालत-काढत राहिलं, तर तिचं टोक आत दबतं आणि दाब धोकादायक वाढतो. ती बाजूला काढ. अनेक शॉटगनची सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, खाली पडून बार होऊ शकतो, म्हणून चेंबर रिकामं ठेव. तेल पुसटच लाव, जास्त झालं तर काडतुसाच्या टोपीत मुरून ते निकामी करतं.

टॉर्च वेगळा हवा. फक्त पिस्तुलावरच्या दिव्याने पाहायचं म्हटलं, की घरच्या माणसावरही नळी रोखली जाते. खोल्या शोधत फिरू नकोस. सगळ्यांना एका खोलीत घे, दार लाव, पोलिसांना फोन कर आणि दाराकडे तोंड करून थांब.

विकत घेण्याआधी प्रशिक्षकासोबत रेंजवर तिन्ही प्रकार चालवून पाहा, कानाला संरक्षण लावून. आवाज 140 डेसिबलच्या वर जातो आणि एवढ्याने ऐकणं कायमचं बिघडू शकतं. पाच मीटरवर प्रत्येकी वीस फैरी झाड, शेवटच्या पाच थकलेल्या हाताने. टार्गेटवर हत्याराचं नाव लिहून तिन्ही माझ्याकडे पाठव, मग नेमकं मॉडेल ठरवू.