जुन्या कार्डावरचा पक्षी इतक्यात नको

१८८०-९०च्या अमेरिकन व्हिजिटिंग कार्डांवरची ती गिरक्या घेणारी अक्षरं नुसत्या बोटांनी जमत नाहीत, आधीच सांगतो. त्या काळचा नामांकित अमेरिकन सुलेखनकार लुई मॅडारास याच्या तोडीची मोठी अक्षरं खांद्यापासून अख्खा हात फिरवूनच येतात. म्हणून आधी मोठ्या कागदावर लंबगोल गिरवा. तिरका होल्डर (ज्यात निब बाजूला कोनात बसते) आणि लवचीक टोकदार निब घ्या. साध्या फाउंटन पेनचं हे काम नाही. दाब फक्त खाली येणाऱ्या रेघेवर, वर जाताना अगदी अलगद. कार्डांवर रेघांनी काढलेल्या पक्ष्यांसाठी मात्र तेव्हाचे सुलेखनकार पेन उलट धरून, अंगापासून दूर जाणाऱ्या रेघेवर दाब देत. ते सध्या विसरा!

जुनं कार्ड विकत घेताना जाड रेघ भिंगातून बघा. कडांना निबच्या दोन टोकांचे ओरखडे दिसले, तर बहुधा हातानं लिहिलेलं. शाई तपकिरी पडली असली तरी चालेल, लोहयुक्त शाईचं तसं होतंच. मूळ कार्डावर कागद ठेवून गिरवू नका, वळ उठतात.